डब्याच्या तळाची चिठ्ठी

"लिहा, 'मला शाळेत जायचं आहे.'"

ठकीनं पेन्सिल उचलली आणि आईकडे पाहिलं. "हे कुठल्या धड्यात आहे?"

"धड्यात नाही. शुद्धलेखन आहे. लिही गुपचूप."

नऊ वर्षांच्या ठकीनं आधी आडवी रेघ ओढली आणि मग तिच्याखाली अक्षरं काढली. या घरात असंच लिहायचं, आधी रेघ, मग अक्षर. तिच्या आईला आजीनं तसंच शिकवलं होतं, आणि आईनं दोन्ही मुलींना. शेजारी सहा वर्षांची पिटुकली जीभ बाहेर काढून तेच वाक्य लिहीत होती. दोघींचं झाल्यावर आईनं त्यांना पाणी प्यायला पिटाळलं, मुठीतली चिठ्ठी हळूच उलगडली आणि वह्यांशेजारी धरली.

अक्षर ठकीचं वाटत होतं. पुन्हा पाहिलं तर पिटुकलीचंही वाटत होतं. आईच्या डोक्याचा पार भुगा झाला.

गोष्ट परवाची. देवाजवळ पत्र्याचा एक डबा असायचा, झाकणाला फट पाडलेला. लग्नानंतर तिनं माहेरून दुसरं फारसं काही आणलं नाही, हा डबा मात्र हट्टानं मागून आणला. रोज सकाळी प्रार्थना झाली की ज्याला जे मागायचं असेल ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, मग न्याहारी, मग अभ्यास. नियम एकच: चिठ्ठी देवाची, माणसानं वाचायची नाही. महिनाअखेरीला ती डबा मागच्या अंगणात न्यायची आणि सगळ्या चिठ्ठ्या, एकही घडी न उघडता, जाळून टाकायची.

परवा तिनं डबा उलटा करून आपटला तेव्हा तळाचा पुठ्ठा निघाला. त्याच्याखाली लपलेली एक चिठ्ठी उघडीच तिच्या पायाशी पडली. दिव्याच्या धगीनं असेल, कागद पिवळा पडला होता. डोळे मिटायच्या आत वाचून झाली.

'देवा, मला शाळेत जायचं आहे. घरात सांगू नकोस. आईला वाईट वाटेल.'

तिच्या काळजात चर्र झालं. पुठ्ठ्याखाली लपवण्याइतकी भीती बसली पोरीच्या मनात!

नातेवाईक तोंडावर बोलायचे, पोरींना घरात कोंडून ठेवलंय म्हणून. तिचं उत्तर ठरलेलं. "मी तरी कुठे गेले होते शाळेत? आईनं घरीच शिकवलं. काय अडलं माझं? मला कधी जावंसंसुद्धा वाटलं नाही." हे ती इतक्यांदा बोलली होती की हल्ली समोरचेच तिच्याआधी म्हणून मोकळे व्हायचे. मुलींना देवाच्या सावलीत, आपल्या नजरेसमोर वाढवायचं, यासाठी तिनं चांगली नोकरी सोडली होती. पाव कापून अपूर्णांक शिकवले होते, कपडे वाळत घालताना पाढे घोकून घेतले होते. आणि त्यातलीच एक रोज तिच्यासमोर हात जोडून मनात दुसरंच मागत होती.

सरळ विचारायची सोय नव्हती. विचारलं की चिठ्ठी वाचल्याचं उघड होणार. म्हणून तिनं सहज विषय निघाल्यासारखं केलं.

"ठकी, शाळेत जावंसं वाटतं का गं तुला?"

"नको बाई. तिथं लवकर उठावं लागतं."

"इथंही उठवतेच की मी."

"इथं प्रार्थनेत डुलकी काढता येते."

"आणि पिटुकले, तुला?"

"मला जायचंय. पण फक्त घंटा वाजवायला."

आता यावरून माणसानं काय समजायचं? ती आणखीच चक्रावली. खरं बोलतायत म्हणावं, तर मग चिठ्ठी कुणाची? खोटं बोलतायत म्हणावं, तर तो घाव आणखी मोठा.

नवरा सुतार. खुर्चीचा पाय घासता घासता त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मग घाल शाळेत."

"अहो, पण जायचं नसेल तर?"

"मग नको घालूस."

दोन्ही बाजूंनी सल्ला देऊन तो पुन्हा पॉलिश कागदाकडे वळला. तिला असा संताप आला की बोलायची सोय नाही.

शेवटी तिनं जवळच्या शाळेतून दोघींचे अर्ज आणले. सोमवार शेवटचा दिवस. सगळे रकाने भरले, सही तेवढी राहिली. पेन टेकवला की वाटायचं, आपलं आयुष्य आपणच खोडतोय. पेन उचलला की वाटायचं, लेकीचं खोडतोय. तिनं देवाला कौल मागितला. देव गप्प.

रविवारी तिची आई आली. मुली पलीकडच्या खोलीत वाचत बसल्या होत्या. आईला बसवून तिनं दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं.

"रागावू नकोस गं. घडी आपोआप उघडली, खरंच. नियम मोडायचा नव्हता मला."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"तुला कसं गं जमलं? माझ्या मनातलं तुला न सांगता कळायचं. मला माझ्या पोरींचं काहीच कळत नाही. मीच कमी पडले."

"असं म्हणू नकोस."

"मग सांग ना, काय करू? दोघींपैकी एक रडतेय आतून. चुकीच्या पोरीला शाळेत धाडलं तर? धाडलंच नाही तर? तू म्हणशील तसं करते. अक्षर तरी बघ, तुझ्याइतकं कुणाला कळणार?"

"चष्मा दे."

आईनं चष्मा लावला. चिठ्ठी हातात घेतली, पण वाचली असं वाटलं नाही. नुसती धरून बसली. पलीकडे पिटुकली मोठमोठ्यानं अडखळत वाचत होती आणि ठकी तिला दटावत होती.

"सांग ना आई, कुणाची आहे? ठकीची की पिटुकलीची?"

"तुझी," आई म्हणाली. "सात वर्षांची होतीस. वाचली मी, पण जाळायचा धीर झाला नाही."