नऊ सेकंद

रस्ता ओलांडायला माणसांना सरासरी किती वेळ लागतो, हे मोजून शहराच्या सिग्नलांनी आपली वेळ आपणच ठरवली. नऊ सेकंद. ऐंशीच्या अनसूयाबाईंना वीस लागत. पलीकडे राहणारी, अंथरुणाला खिळलेली धाकटी बहीण द्वारकी तीन आठवडे त्यांच्या दृष्टीस पडली नव्हती.

त्यांनी तक्रार केली. तासाभरात महापालिकेच्या माणसाने येऊन भिंतीवर मोठा पडदा बसवला.

“आजी, सिग्नल बदलता येत नाही. पण बहिणीला आता हवं तेव्हा बघा.”

पडद्यावर द्वारकी दिसली. तिच्या केसांच्या जटा झाल्या होत्या.

“अक्का, वेणी घालून दे ना गं. कधी येतेस?”

अनसूयाबाईंना हुंदका फुटला.

“समाधान झालं ना, आजी?” पडद्यातून यांत्रिक आवाज आला.

त्यांनी मान खाली घातली. तो होकार समजून पडद्याने तक्रार निकाली काढली.