वेदीपुढची कबुली

“प्याला तू घेतलास का, असं आम्ही विचारतच नाही,” पाळक म्हणाले. “आम्ही तुला आधीच माफ केलंय. तू फक्त हो म्हण.”

वेल्डर खुर्चीच्या कडेला टेकला होता. उपासना नुकतीच संपली होती. पाळकांच्या खोलीत मंडळीचे पंच जमले होते, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की त्याला मान वर करवेना. प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला कपाटातून नाहीसा झाला होता. कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ल्या पंचांकडे असत, आणि पंचांवर कोण संशय घेणार? किल्लीशिवाय कुलूप उघडणारा माणूस सबंध मंडळीत एकच होता. त्या कलेपायीच तो तुरुंगात गेला होता आणि वेल्डिंग शिकून बाहेर आला होता.

“साहेब, मी नाही घेतला.”

खोलीत कुणीतरी सुस्कारा सोडला. पंचांमध्ये सगळ्यात वडीलधाऱ्या होत्या त्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. तो सुटला तेव्हा तुरुंगाच्या फाटकाशी त्याला घ्यायला त्याच गेल्या होत्या. अंथरूण-पांघरूण, चर्चच्या आवारातली मागची खोली, लोखंडी जाळ्या बनवणाऱ्या कारखान्यातलं काम, सगळं त्यांनीच खटपट करून मिळवून दिलं होतं.

“बाळ,” बाई हळूच म्हणाल्या, “चोरी आम्ही पोटात घालू रे. पण तू असा तोंडावर खोटं बोलायला लागलास तर तुला सांभाळायचं कसं?”

“पोलिसांकडे जायचं नाही, हे ठरलंय,” पाळक म्हणाले. “पण तू मन मोकळं केलं नाहीस, तर तुझ्यासाठी लोकांना शब्द कोणत्या तोंडाने देऊ?”

‘शब्द’ म्हटल्यावर वेल्डरच्या डोळ्यांपुढे रविवारची दुपार आली.

त्याची आई बहिणीकडे होती. अर्धं अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली. तुरुंगातून आलेला माणूस माझ्या घराची पायरी चढणार नाही, असं भाऊजींनी साफ सांगितलं होतं. तेव्हा पाळक स्वतः त्यांच्याकडे गेले होते. याला मी जामीन, म्हणाले होते. तेव्हापासून दर रविवारी दुपारी त्याला आत घेत. तो आईला भरवायचा, तिची नखं कापायचा, डोकं विंचरायचा. त्याची चाहूल लागली की ती चांगल्या हाताने पलंगाची कड वाजवायची. ताई तेवढा वेळ दारातच उभी असायची, कपाटाची किल्ली मुठीत धरून. त्याचंही त्याला काही वाटेनासं झालं होतं.

त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

“हो,” तो म्हणाला. “मीच घेतला.”

“कुठे आहे?”

“वितळवला.”

पुढचं कुणी विचारलंच नाही. बाईंनी डोळे पुसले. पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच संध्याकाळच्या उपासनेत त्याला वेदीपुढे उभं केलं. भरल्या मंडळीसमोर तो पुन्हा तेच बोलला, आणि बोलता बोलता त्याला रडू कोसळलं. का, ते त्याचं त्यालाच कळेना. बाकांवरची माणसंही रडू लागली. इतके महिने त्याच्याशी बोटांच्या टोकांनी हात मिळवणारे लोक एकेक करून पुढे आले आणि त्याच्या गळ्यात पडले. त्याला बरं वाटलं. इतकं बरं की क्षणभर वाटलं, प्याला आपणच नेला असावा.

आठवडा सरायच्या आत पाळक त्याच्या खोलीवर आले. त्यांच्या हातात प्याला होता.

“बाईंनी घरी नेला होता, घासून लख्ख करायला,” ते हसत म्हणाले. “टॉवेलात गुंडाळून गरम कपड्यांच्या पेटीत ठेवला आणि साफ विसरल्या. वय झालं बाईंचं! मघाशी स्वतःच सांगत होत्या, आम्ही सगळे पोट धरधरून हसलो.”

वेल्डरचा जीव भांड्यात पडला. तोही हसला. “म्हणजे सुटलो मी, साहेब!”

पाळकांचं हसू मावळलं. “तू चोरलाच नव्हतास, तर कबूल का केलंस?”

“तुम्हीच म्हणालात, हो म्हण.”

“खरं बोल, एवढंच म्हणायचं होतं मला.” ते पलंगावर बसले. त्यांचा आवाज चढला नाही. “वेदीपुढे उभा राहून तू खोटं बोललास. साश्रू नयनांनी बोललास. लोकांनी तुला छातीशी धरलं, ते कशासाठी? आता त्यांना मी काय सांगू? पुढच्या वेळी तुरुंगातून सुटलेल्या माणसाला कोण दारात उभं करेल? तुझ्यामुळे तशा माणसांनाही दार बंद झालं.”

वेल्डरने त्यांच्या हातातल्या प्याल्याकडे पाहिलं.

“पंचांनी ठरवलंय,” पाळक म्हणाले. “बाई तर फार रडल्या. तू असं करशील असं त्यांना वाटलं नव्हतं. शनिवारपर्यंत खोली मोकळी कर. कारखान्यात मी कळवलंय. तुझ्या भाऊजींच्या कानावरही घातलंय. दिलेला शब्द परत घ्यावाच लागला.”

ते उठले. वेल्डरने दारापाशी त्यांची बाही धरली.

“साहेब, मला काढा. खुशाल काढा. पण रविवारी आई वाट बघेल माझी. ताईच्या दारात जाऊन मी काय सांगू?”

पाळकांनी त्याचा हात हळुवारपणे सोडवला आणि खांद्यावर थोपटलं.

“खरं काय ते सांग,” ते म्हणाले.