सेन्सरवरची रेघ

“श्वास रोखून बस,” कॅमेरा उघडता उघडता दुरुस्तीवाले नदाफकाका म्हणाले. मी ओढणी तोंडावर दाबली. याच ओढणीने गेल्या आठवड्यात, एका लग्नात, मी कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा सेन्सर पुसला होता.

कॅमेरा दिगंबरदादांचा, मी त्यांच्या स्टुडिओत नवी; त्या लग्नाआधी तो फक्त दादाच वापरायचे. मंगलाष्टका चालू असताना मी घाईने लेन्स बदलली. तांदूळ वाया नको म्हणून त्या घरी अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या उधळत होते. एखादी आत गेली असेल या भीतीने पुसलं, आणि घरी येऊन पाहते तर फोटोत नवरीच्या कपाळावरून आडवी रेघ! कंपनीवाले म्हणाले, सेन्सरच बदलावा लागेल. माझा सहा महिन्यांचा पगार गेला असता. दादा रोज फोन करून विचारायचे, “कॅमेरा ठीक आहे ना?” मी “हो” म्हणायचे.

“सेन्सर शाबूत आहे. ओरखडा वरच्या काचेवर आहे, तेवढी बदलू. स्वस्तात होईल.” काकांनी चिमट्याने काहीतरी उचलून कागदावर ठेवलं. “पण हा आत कसा गेला?”

कुंकवाने रंगलेला तांदळाचा दाणा.

त्या लग्नात तर तांदूळ नव्हताच. मी त्या दिवशीचे सकाळचे, लेन्स बदलण्याआधीचे फोटो उघडले. रेघ तिथेही होती.

फोन वाजला. “कॅमेरा ठीक आहे ना?” दादांनी विचारलं.

त्यांचा आवाज आज पहिल्यांदा मला नीट ऐकू आला. तो कापत होता.