वरून येणारी बोलणी

पाळकसाहेब ‘आमेन’ म्हणाले, त्यांनी चमचा उचलला आणि तो तसाच हातात धरून बसले. टेबलाभोवती कुणी डोळेच उघडले नव्हते.

प्रार्थना काही वाईट झाली नव्हती. उलट फार नेटकी झाली होती. दिवंगत भगिनीचा विश्वास, तिनं केलेला संसार, लेकरांवरची माया, रविवारच्या शाळेतली सेवा, सगळं जागच्या जागी. तरी बाबा आपले मान खाली घालून, हात जोडून बसलेलेच. धाकटा लेकही तसाच. थोरल्या लेकीनं मांडीवरच्या बाळाच्या मुठीतून चमचा सोडवता सोडवता एक डोळा किलकिला करून पाहिलं. बाबांच्या पुढ्यातलं सूप निवत चाललं होतं. तिचा जीव खालीवर झाला. काल आईला माती देऊन परतल्यापासून त्यांच्या पोटात चहापलीकडे काही गेलं नव्हतं, आणि मधुमेहाची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं.

“काही चुकलं का माझं?” पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

“छे छे,” थोरली म्हणाली. “आम्ही पुढच्याची वाट बघतोय.”

“पुढचं म्हणजे?”

आता हे त्यांना कसं सांगायचं? चर्चच्या मंडळीत आईचा लौकिक असा, की ही बाई जन्मात कुणाला वाकडा शब्द बोलली नाही. खरंच बोलली नव्हती. ज्याला जे सुनावायचं ते ती देवाला सांगे. जेवणाआधी, खणखणीत आवाजात, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना. ‘हे प्रभू, ज्यांना अख्ख्या गावाची घड्याळं दुरुस्त करता येतात, त्यांना स्वतः वेळेवर जेवायला यायची बुद्धी दे.’ घड्याळवाले बाबा म्हणत, ‘आमेन.’ ‘प्रभू, ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्यावरही तू प्रेम करतोस. मला ते अजून साधत नाही, मला बळ दे.’ धाकटा म्हणे, ‘आमेन.’ थोरलीचा नवरा पहिल्यांदा या घरी जेवायला आला, तेव्हा त्याची चौकशीही देवामार्फतच झाली. बिचाऱ्यानं डोळे मिटूनच उत्तरं दिली. शेजारणीचं ऑपरेशन, धाकट्याचा निकाल, बाळाचा ताप, हेही ती त्याच सुरात मागे, अगदी हक्कानं, आणि मिळेपर्यंत देवाचा पिच्छा सोडत नसे. आपापली बोलणी ऐकल्याशिवाय या घरात घास उचलायची कुणाला सवयच नव्हती. बाबांना तर नव्हतीच नव्हती.

धाकट्यानं घसा खाकरला. “हे प्रभू... अं... सगळ्यांना सुखात ठेव.”

बाबा हलले नाहीत.

“शुभेच्छापत्र वाचतोयस का?” थोरली पुटपुटली.

“मग तू कर ना! शिकलेली तू.”

थोरलीनं डोळे मिटले. “हे करुणामय पित्या, या दुःखाच्या प्रसंगी आमच्या व्याकूळ अंतःकरणांना...” पुढे कॉलेजचं सगळं शिक्षण आटलं. बाळानं चमचा खाली भिरकावला. तो उचलायला ती वाकली आणि टेबलाखालून तिला बाबांचे पाय दिसले. एका पायात काळा मोजा, दुसऱ्यात तपकिरी.

ती वर आली ती लालबुंद होऊन.

“प्रभू, आमच्या बाबांकडे जरा बघ. बघितलंस? मोज्यांचा पत्ता नाही, शर्टाची बटणं वरखाली. गोळी बशीखाली सरकवलीय, आणि त्यांना वाटतंय मला दिसलीच नाही. उद्या चक्कर येऊन पडले तर धावायचं कुणी? माझ्या पदरात तान्हं मूल आहे, प्रभू. मी एकटी कुठे कुठे पुरी पडू? त्यांना जेवायची बुद्धी दे. आत्ताच्या आत्ता. ते सूप निवायच्या आत!”

बाबांना ती आजवर इतकं कधी बोलली नव्हती. तिच्या कानांतून वाफा निघत होत्या. पाळकसाहेबांनी गुपचूप आपल्या बाहीचं सुटलेलं बटण लावून घेतलं.

“आमेन,” बाबा म्हणाले.

धाकट्यानं एक डोळा उघडला. “आणि माझं?”

“तुझं उद्या.”

तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि बाबांची वाटी त्यांच्याकडे सरकवली. पण त्यांचे हात जोडलेलेच होते.

“थांब,” ते म्हणाले. “मला थोडं बोलायचंय.”

सगळ्यांनी पुन्हा डोळे मिटले. या टेबलाशी बाबा ‘आमेन’पलीकडे कधी काही बोलले आहेत, असं कुणाला आठवत नव्हतं.

“प्रभू,” बाबांनी सुरुवात केली. “ती पोचली असेल तुझ्याकडे. बाई लाखात एक आहे. माझ्याविषयी तुला नवीन काय सांगू? तिनं काही सांगायचं ठेवलं नसेलच. मी मात्र तिची तक्रार कधी तुझ्यापर्यंत आणली नाही. आज एक आणतो. कोपऱ्यावर भाजीला निघाली तरी ती मला दुकानात हाक मारून, सांगून जायची. या खेपेला न सांगता गेली. हे काही बरं नाही केलं तिनं. तू तिला चार शब्द सुनाव.”

थोरलीनं बाळाच्या केसांत तोंड लपवलं.

बाबांनी चमचा उचलला, सुपात बुडवला, आणि मग काहीतरी आठवल्यासारखे घाईघाईनं म्हणाले, “पण फार नको. हळूच.”