लाडाचं नाव

"पासवर्ड विसरलात? तुमचं लाडाचं नाव सांगा," शाळेतल्या संगणकाने पुन्हा विचारलं आणि शर्वाणीने डोक्याला हात लावला.

सकाळीच तर ती मैत्रिणींपुढे मिरवत होती, "बसा तुम्ही ढीगभर पासवर्ड पाठ करत! माझं एकच खातं. त्यानेच चित्रं उघडतात, गृहपाठ उघडतो, गाणीसुद्धा!" आता त्याच खात्याचा नवा, भारीतला पासवर्ड ती विसरली होती आणि सगळंच एकदम बंद झालं होतं. विज्ञान प्रदर्शनाचं पोस्टर त्यातच अडकलेलं, आणि ते तास संपायच्या आत पाठवायचं होतं. 'राणी' चाललं नाही. 'शरू'ही नाही.

खातं बाबांनी उघडून दिलेलं, या प्रश्नाचं उत्तरही त्यांनीच भरलेलं. बाईंनी स्वतःच्या फोनवरून त्यांना फोन लावला, तोही स्पीकरवर.

"अगं, ढेमसं!" बाबा खळखळून हसले. "कसली गोलमटोल होतीस तू!"

संगणकाच्या खोलीत हशा पिकला. शर्वाणीने लालबुंद होत ते नाव टाकलं आणि सगळं फटाफट उघडलं. पोस्टर गेलं एकदाचं!

"आता आधी ते उत्तर बदल," बाई हसू दाबत म्हणाल्या. "अख्ख्या वर्गाच्या हाती लागलीय तुझी किल्ली."

खात्यातलं ढेमसं तिने तिथल्या तिथे बदललं. वर्गातलं मात्र काही केल्या बदलेना. शेवटी तिनेच कमरेवर हात ठेवून सगळ्यांना बजावलं, "म्हणायचंच असेल ना, तर ढेमसेताई म्हणा!"