सेतुरावांचं पहिलं चित्र

कचेरीत जन्मभर कागदांच्या नकला उतरवलेल्या सेतुरावांनी पेन्शनीत कुंचला धरला. महिनाभर आरशासमोर खपून त्यांनी स्वतःचीच तसबीर रंगवली. पंकजाबाईंनी ती बाहेरच्या दारावर टांगली. बायकोला आपलं एवढं कौतुक असेल, हे सेतुरावांच्या स्वप्नातही नव्हतं. मग दिवसभर ते ऐटीत ओट्यावरच बसून राहिले.

संध्याकाळी, समोर नवं घर बांधत असलेले मुदलियार दाराशी थबकले.

"राव, दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगलेले राक्षस कुंभकोणात पुष्कळ पाहिले, पण इतका जबर एकही नाही! माझ्याही घराला अस्साच एक काढून द्या."

आयुष्यातली पहिलीच मागणी! सेतुरावांनी आत हाक मारली, "अगं, आरसा आण."