टिचबटणांचा कोट

तेजलचा भोकं पडलेला कोट पारदर्शक पिशवीत घालून वैजयंती मॅडम दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. प्रयोगशाळेसाठी हा कोट त्यांनीच निवडला होता. टेरिकॉटचा नमुना काडी लावताच वितळला होता. दुसऱ्याची काजातली बटणं सोडवायला अकरा सेकंद लागले. हा सुती होता, टिचबटणांचा. एका हिसक्यात पुढून उघडायचा. पहिल्याच तासाला त्यांनी सगळ्या वर्गाला तो हिसका शिकवला होता.

सकाळी पोटावर ॲसिड सांडलं तेव्हा तेजलने दोनदा हिसका दिला. कोट उघडेना, तेव्हा घाबरून तिने तो डोक्यातून ओढून काढला आणि भिजलेलं कापड डोळ्यांवरून गेलं.

मॅडमनी पिशवी उजेडात धरली. वरची दोन सोडून प्रत्येक बटण दुहेरी दोऱ्याने शिवून टाकलेलं होतं.

"मेली ती बटणं, जरा वाकलं की उघडायची. पोरं हसायची तिला," शेजारी बसलेली तेजलची आई म्हणाली. "म्हणून परवा मीच शिवून दिली. कोट घट्ट होता म्हणून निदान पोट तरी वाचलं असेल, हो ना मॅडम?"

तिच्या तर्जनीवर सुईचे टोचे अजून दिसत होते.

"हो," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच वाचलं."

संध्याकाळी प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला: कोट वेळेत का निघाला नाही? मॅडमनी पिशवीची गाठ पुन्हा आवळली आणि लिहिलं, "कोट कसा उघडायचा, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलं नव्हतं."